न ऐकू आलेली बासरी

"बासरी काय सुरेख वाजवलीय हो," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

विश्वनाथरावांनी डोळे उघडले. ते मघापासून एकाग्र होऊन ऐकत होते आणि त्यांच्या कानात बासरी सोडाच, साधी शिट्टीसुद्धा वाजलेली नव्हती. व्हायोलिनांचा एक ताफा आला होता, काहीतरी विचारल्यासारखं करून मध्येच थांबला होता, आणि त्यानंतर सगळं सामसूम होतं.

"कुठली बासरी?"

"ही काय, चालू आहे ती."

"आत्ता?"

"आत्ता. अहो, झोपलात की काय?"

दुपारच्या चहाची वेळ होती. सोनागिरीतल्या आपल्या घरात दोघं दिवाणावर शेजारी शेजारी बसले होते. मध्ये मोबाइल होता, मोबाइलला इअरफोनची वायर होती, आणि तिचा एक फाटा विश्वनाथरावांच्या कानात तर दुसरा मंदाकिनीबाईंच्या कानात होता. लांबून पाहणाऱ्याला एका जोताला जुंपलेली म्हातारी बैलजोडी वाटली असती. या जोताचं कारण त्यांची नात. क्षितिजाचं बारावीचं वर्ष होतं, शिवाय इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचं कोचिंग होतं, आणि मुलाने-सुनेने घरात आवाजबंदी लागू केली होती. टीव्ही बंद, रेडिओ बंद, मिक्सर फिरवायचा तो ती कोचिंगला गेल्यावर. रविवारी सकाळी ती टेस्ट द्यायला बाहेर जायची, म्हणून विश्वनाथरावांचा गाण्याचा वर्ग तेवढा वाचला होता.

तेव्हापासून हे जोडपं आपली आवडती जुनी गाणी अशी वाटून ऐकत होतं. बसायची रीतही ठरलेली होती. सत्यनारायणाला बसावं तशी बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला. शिवाय एकाच्या कानातलं दुसऱ्याने कानात घालायचं नाही, हा मंदाकिनीबाईंचा कडक नियम होता. दुसऱ्याचा टूथब्रश वापरतो का आपण, असं त्या विचारायच्या. फाट्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी आपल्या फाट्याला लाल दोरा बांधून ठेवला होता. नातीला मात्र हा नियम नव्हता. नातीला कुठलाच नियम नव्हता.

आज मात्र जुनी गाणी नव्हती. आज विश्वनाथराव कामाला बसले होते. गौरांगच्या अल्बमचं परीक्षण लिहायचं होतं.

गौरांग म्हणजे त्यांच्या रविवारच्या वर्गातला एके काळचा विद्यार्थी. विश्वनाथराव कारखान्यात नकाशे काढायचे, पण ती नोकरी झाली. त्यांचं खरं काम म्हणजे कॉलनीतल्या मुलांना हार्मोनियमभोवती बसवून गायला शिकवणं. निवृत्तीआधीही तेच, निवृत्तीनंतरही तेच. इतक्या वर्षांत त्या वर्गातून असंख्य इंजिनिअर बाहेर पडले. संगीतकार म्हणावा असा हा एकच. गौरांग मुंबईला गेला आणि आता त्याने 'कंदील आणि कंपनी' नावाच्या चित्रपटाला संगीत दिलं होतं. स्वातंत्र्यापूर्वीच्या एका फिरत्या नाटक कंपनीची गोष्ट. अल्बममध्ये निम्मी गाणी त्या काळाच्या ढंगाची, आणि निम्मे तुकडे मोठ्या वाद्यवृंदाचे, चित्रपटात प्रसंगांच्या मागे वाजणारे. गावातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष काशिनाथराव हेच मंडळाच्या अंकाचे संपादक. गौरांगचा सत्कार ठरताच त्यांनी फर्मान काढलं की परीक्षण तुम्हीच लिहायचं, पोरगा तुमचाच आहे, आणि अंकाचं प्रकाशन त्याच्याच हस्ते.

गाण्यांबद्दल काही प्रश्नच नव्हता. गाणी लागली की दोघांच्याही माना एकदम डोलायच्या. पेटी, सारंगी, तबला आणि पुढे उभं राहून मोकळ्या गळ्याने गाणारी बाई. दोघांनाही एकाच वेळी एकाच जागेवर "वा" म्हणावंसं वाटायचं. घोळ व्हायचा तो वाद्यवृंद सुरू झाला की.

"आता पुन्हा व्हायोलिनं आली," विश्वनाथराव म्हणायचे.

"कुठे? आता तर सगळं शांत आहे."

"अगं, एवढा कल्लोळ चाललाय."

"काही चाललेलं नाही. थांबा, आता बासरी आली बघा."

आणि विश्वनाथरावांच्या कानात नेमका त्याच वेळी शुकशुकाट व्हायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी हे हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी मंदाकिनीबाई भाजी आणायला गेल्या असताना त्यांनी एकट्याने ऐकून पाहिलं. लाल दोऱ्याचा फाटा नियमाप्रमाणे त्याच्या डबीत ठेवला, आपला कानात घातला, दारंखिडक्या लावून घेतल्या, पंखासुद्धा बंद केला. घामाघूम होऊन त्यांनी सगळा अल्बम ऐकला. बासरी नव्हती. मग त्यांना कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याचं बोलणं आठवलं. वय झालं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, असं तो म्हणाला होता. बासरी वरच्या पट्टीतच वाजते.

त्यांनी क्षितिजाला हाक मारली. ती हातात पेन घेऊनच बाहेर आली.

"आजोबा, पटकन सांगा ना. मेरा पूरा चॅप्टर बाकी आहे."

यात बासरी आहे का, एवढंच सांग, असं ते म्हणाले. तिने दोन्ही फाटे आपल्या कानांत कोंबले, क्षणभर ऐकलं आणि काढून त्यांच्या हातात ठेवले.

"आहे ना. मस्त आहे," असं म्हणून ती आत गेली. व्हायोलिनांबद्दल विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण पहिलं उत्तरच त्यांना पुरे झालं होतं. दुसरा प्रश्न विचारायची हिंमत झाली नाही.

तुम्हीआम्ही म्हणू, सत्तरीच्या माणसाला बासरी ऐकू आली नाही तर काय आकाश कोसळतं? पण विश्वनाथरावांचं कोसळलं होतं. ज्या माणसाने सारी हयात लहान मुलांना एकच गोष्ट शिकवली की आधी नीट ऐका आणि मग तोंड उघडा, त्याचाच कान गेला तर त्याने रविवारी सकाळी कुठल्या तोंडाने मुलांसमोर बसायचं? वर्ग बंद झाला तर रविवार उरत नाही, आणि रविवार गेला तर बाकीचे सहा दिवस कशासाठी काढायचे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मंदाकिनीबाईंची काळजी वेगळ्या वाटेने चालली होती. नवऱ्याला असलेली बासरी ऐकू येत नाही, हे एक झालं. पण नसलेली व्हायोलिनं ऐकू येतात, हे त्याहून वाईट होतं. त्या त्यांना जवाहर चौकातल्या कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तिथे त्यांना काचेच्या कपाटात बसवून हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणून सांगितलं. विश्वनाथरावांनी परीक्षेला बसल्यासारखं बटण दाबलं. डॉक्टर कागद बघून खूश झाला.

"अंकलजी, कान तो आपके जवानों जैसे हैं."

हे ऐकून विश्वनाथरावांचा चेहरा आणखी उतरला. कान ठीक असतील तर बिघाड त्याच्या आत असणार.

"तो फिर बाँसुरी क्यों नहीं सुनाई देती?" मंदाकिनीबाईंनी विचारलं. "और जो बज ही नहीं रहा, वो बराबर सुनाई देता है."

डॉक्टरने चष्मा काढला, विश्वनाथरावांकडे एकदा नीट पाहिलं आणि चिठ्ठीवर दुसऱ्या एका डॉक्टरचं नाव लिहून दिलं. ते डॉक्टर कानाचे नव्हते. विश्वनाथरावांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

मंदाकिनीबाईंनी ही गोष्ट फक्त काशिनाथरावांच्या प्रमिलाबाईंना सांगितली, आणि तीही कुणाला सांगू नका असं बजावून. संध्याकाळी काशिनाथरावांचा फोन आला. ते आनंद नगरला राहतात. पण ज्या आवाजात ते बोलले, त्याला फोनची गरज नव्हती. परीक्षणाची काळजी करू नका, प्रकृतीला जपा, असं ते एकेक अक्षर सुटं करून ओरडले. दुसऱ्या दिवसापासून मंडळातली माणसं रस्त्यात भेटली की विश्वनाथरावांशी हातवारे करून बोलू लागली. एकाने तर नुसतेच हातवारे केले.

आणि मग रविवार आला.

मुलं जमली. आठ वर्षांची सोनाली नेहमी पहिली गाते, तशी गायला लागली. निषादावर ती घसरली, असं विश्वनाथरावांना वाटलं. त्यांचं बोट सवयीने वर झालं आणि हवेतच थांबलं. घसरली ती, की घसरला आपला कान? ज्या कानाला बासरी लागत नाही, त्याने एका पोरीच्या निषादावर बोट ठेवायचं?

"छान," ते म्हणाले.

मग आशय गायला. तो तर निषादाच्या गल्लीतही शिरला नाही. "छान," विश्वनाथराव म्हणाले. मुलं हुशार असतात. आज सगळंच छान आहे हे त्यांना लगेच कळलं, आणि थोड्याच वेळात जो तो आपापल्या वाटेने गाऊ लागला. विश्वनाथराव पेटीवर हात ठेवून खिन्नपणे मान हलवत राहिले.

तेवढ्यात मंदाकिनीबाई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. इतकी वर्षं त्यांनी रविवारच्या पोळ्या त्या वर्गाच्या तालावरच लाटल्या होत्या. आजच्या सुरांवर त्यांची एकही पोळी गोल झाली नव्हती.

"अहो, ती पोर वर पोचतच नाहीये, आणि तुम्ही छान काय म्हणताय?"

"मलाही तसंच वाटलं," विश्वनाथराव म्हणाले. "पण मला काय वाटतं, याला आता काही अर्थ नाही."

ते उठले. पेटीसमोरची ती जागा त्यांनी कधी तापातसुद्धा सोडली नव्हती.

"तू बस, मंदा."

मंदाकिनीबाई हात धुऊन पेटीसमोर बसल्या. तात्पुरतं, असं त्या म्हणाल्या. विश्वनाथराव आतल्या खोलीत जाऊन पडून राहिले आणि त्यांनी कानांवर उशी घेतली.

परीक्षण मात्र लिहायलाच हवं होतं. तेवढं एक शेवटचं काम करायचं आणि मग पेटी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवून द्यायची, असं त्यांनी ठरवलं. गाण्यांवर त्यांनी स्वतः लिहिलं, कारण तिथे दोघांचं एकमत होतं. वाद्यवृंदाच्या भागाला ते बायकोच्या कानांवर विसंबले. ती ऐकून सांगायची आणि ते लिहायचे. मंदाकिनीबाई प्रामाणिकपणे सांगत होत्या. आता बासरी. आता शांत. पुन्हा बासरी. आता बराच वेळ शांत. त्यावरून विश्वनाथरावांनी लिहिलं: 'या संगीतकाराचं खरं धाडस त्याच्या मौनात आहे. एकटी बासरी बोलते, आणि मग तो दीर्घ शांतता ठेवतो. कुठल्याही तंतुवाद्याचा आधार न घेता त्याने हे सारं पेललं आहे.' तंतुवाद्यापाशी त्यांचं पेन अडखळलं. त्यांच्या कानात त्या वेळी व्हायोलिनं जीव तोडून वाजत होती.

"मंदा, व्हायोलिनं नाहीत ना गं?"

"तुम्हाला ऐकू येतायत का?"

"येतायत."

"मग नाहीत," मंदाकिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

सत्काराला मंडळाचा हॉल भरला होता. काशिनाथरावांनी अंकाचं प्रकाशन करवून घेतलं आणि परीक्षण स्वतः वाचून दाखवलं. गाण्यांच्या भागाला गौरांग लहान मुलासारखा खूश होऊन ऐकत होता. 'तंतुवाद्याचा आधार न घेता' या वाक्याला त्याचं हसू मावळलं. पुढे तो नुसता सतरंजीकडे बघत राहिला. विश्वनाथराव पहिल्या रांगेतून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते, आणि आपलं काय चुकलं हे त्यांना कळत नव्हतं.

गौरांग बोलायला उभा राहिला. तो म्हणाला की लहानपणी सर चूक कधी बोलून दाखवायचे नाहीत, नुसतं बोट वर करायचे. जे बरोबर आलं तेवढंच बोलायचे, उरलेलं आपण समजून घ्यायचं. आजही त्यांनी तेच केलं. एवढा मोठा वाद्यवृंद उभा केला, व्हायोलिनवाल्यांची फौज बसवली, आणि सरांनी त्यांचं नावसुद्धा घेतलं नाही.

"सर, मी समजलो," तो म्हणाला. "पुढच्या चित्रपटात एकही व्हायोलिन नसेल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. काशिनाथरावांनी वळून विश्वनाथरावांना टाळ्या वाजत असल्याची खूण केली.

विश्वनाथराव खुर्चीत थिजून गेले होते. व्हायोलिनं होती तर. म्हणजे आपण भ्रमिष्ट नव्हतो, नुसतेच बहिरे होतो. आणि आपल्या बहिरेपणापायी आता मुंबईतली कितीतरी माणसं घरी बसणार होती. आयुष्यात एकच विद्यार्थी वर आला, आणि त्यालाही शेवटचा धडा आपण चुकीचा दिला.

पोहे-जिलेबीच्या बशा फिरू लागल्यावर त्यांनी गौरांगला कोपऱ्यात गाठलं. त्यांनी त्याला सगळं खरं सांगितलं. की व्हायोलिनं त्यांना ऐकू येत होती आणि ती नाहीत असं समजून त्यांनी गाळली. की बासरी त्यांना ऐकूच आली नाही आणि ती उसन्या कानांनी लिहिली. की वर्ग त्यांनी सोडला आहे.

गौरांग गोंधळून गेला. "व्हायोलिनं ऐकू आली आणि बासरी नाही? असं कसं होईल, सर? तुम्ही कशावर ऐकलंत?"

मंदाकिनीबाईंनी पर्समधून डबी काढली. गौरांगने इअरफोन हातात घेतला, एका फाट्याचा लाल दोरा पाहिला आणि तो कुणाचा ते विचारलं. माझा, असं मंदाकिनीबाई म्हणाल्या. दुसरा कुणाचा, हे त्याने विचारलं नाही. तो शेजारच्या खुर्चीवर बसला आणि त्याने बशी खाली ठेवली.

"सर, चित्रपटातल्या नाटक कंपनीत एक आई आणि मुलगी आहे ना, त्यांचं ते बोलणं आहे. डावीकडे व्हायोलिनं, म्हणजे आई. ती विचारते. उजवीकडे बासरी, म्हणजे मुलगी. ती उत्तर देते. दोन बाजू मुद्दाम पार वेगळ्या ठेवल्यात."

"आणि गाणी?"

"ती जुन्या पद्धतीने एकाच माइकवर केली. तुमच्या त्या जुन्या गाण्यांसारखी. ती दोन्ही कानांत सारखीच." त्याने एकदा दोघांकडे पाहिलं. "तुम्ही दोघांनी मिळून अल्बम एकदाच ऐकलात, सर."

मग मंदाकिनीबाई म्हणाल्या, "तरी मला वाटतच होतं, या पोरीला एवढं विचारतंय तरी कोण."

त्यांनी लाल दोऱ्याचा फाटा पदराने पुसला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नवऱ्याच्या हातात दिला. विश्वनाथरावांनी दोन्ही कानांत घालून डोळे मिटले. व्हायोलिनांनी विचारलं, आणि उजवीकडून, अगदी जवळून, बासरी बोलली. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. बशीतली जिलेबी गार झाली. डोळे उघडल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते असं, "व्हायोलिनं ठेव रे बाबा."

त्या रात्री त्यांना शांत झोप लागली. पुढच्या रविवारी ते पहाटेच उठले, दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि बाहेरच्या खोलीत आले. पेटीसमोर मंदाकिनीबाई बसलेल्या होत्या. मुलंही आली होती.

"कान ठीक आहेत माझे," विश्वनाथराव म्हणाले.

मंदाकिनीबाई म्हणाल्या की ते सगळ्यांना माहीत आहे, पण गेल्या वेळचं गाणं अर्ध्यावर राहिलंय, तेवढं होऊ दे. आत मटार ठेवलेत, ते जरा सोलून घ्या.

विश्वनाथराव स्वयंपाकघरात गेले आणि परात घेऊन बसले. बाहेर गाणं सुरू झालं. सोनाली वर गेली आणि निषादावर बरोब्बर उभी राहिली. आशयसुद्धा पोचला. मध्येच मंदाकिनीबाई काहीतरी म्हणाल्या आणि सगळी पोरं खळखळून हसली. विश्वनाथरावांच्या वर्गात मुलं सुरात गायची, पण हसल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

हसणं ओसरल्यावर सोनालीने विचारलं, "आजी, सर बरे झाले?"

"झाले की."

"मग आता परत सरच शिकवणार?"

"हो. का गं?"

सोनाली मंदाकिनीबाईंच्या कानाशी गेली आणि तोंडावर दोन्ही हातांचा आडोसा करून कुजबुजली, "तुम्हीच शिकवा ना. सरांना सांगू नका."

मध्ये भिंत होती, पंखा चालू होता, आणि गल्लीत भाजीवाला ओरडत होता. हातातली मटारची शेंग तशीच राहिली. विश्वनाथरावांना शब्द न् शब्द ऐकू आला होता.